सिक्युरिटी या शब्दाचा अर्थ

एप्रिल लागला की आमच्या खिडकीच्या गजांना हात लावला तरी बोटं खारट होतात. पूर्वी व्हायची तेवढी नाही. पूर्वी भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या या चौथ्या मजल्यावरून खाडीपर्यंत नुसती मिठागरं दिसायची. आता दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून एक पांढरा तुकडा दिसतो. पण तेवढा मला पुरतो. वाफ्यांतलं पाणी आटत जातं, कडेनं मीठ धरू लागतं, मग माणसं लांब दांड्याच्या लाकडी फळ्यांनी ते ओढून बांधावर राशी घालतात. दुपारी त्या राशींची चकाकी डोळ्यांना सोसत नाही आणि पडदा ओढावा लागतो. पडदा ओढला की खोलीत पिवळसर अंधार होतो, आणि त्या अंधारात एका मुलीचा वर्तमानपत्र वाचण्याचा आवाज येऊ लागतो. ती वाचतेय, माझी बायको ऐकतेय, आणि मी आतल्या खोलीत टेबलाशी बसून आपलं काम करत असल्याचं दाखवतोय.

मी आता ऐंशी ओलांडली आहे. नोकरी सरकारी होती, अनुवादकाची. इंग्रजीतलं मराठीत आणि मराठीतलं इंग्रजीत आणायचं, आणि आणताना वाटेत काही सांडू द्यायचं नाही, एवढंच काम मी आयुष्यभर केलं. साहेब लोक म्हणायचे, यांच्या हातून शब्द निसटत नाही. ते ऐकायला मला आवडायचं. म्हणूनच जे सांगायचं आहे ते सांगायला इतकी वर्षं लागली असावीत. माझ्या हातून शब्द निसटला नव्हता. मी तो हातात धरून ठेवला होता.

मुलीचं नाव रूपाली. आमच्या सोसायटीचे वॉचमन गुरव, त्यांची मुलगी. गुरव मूळचे संगमेश्वरकडचे. आधी एका कारखान्याच्या गेटवर होते, तो बंद पडल्यावर आमच्या गेटवर आले. नवघरला एका खोलीत राहायचे. उंच, थोडे वाकलेले, बोलणं कमी. पाण्याचा टँकर आला की पाइप कुठल्या टाकीत सोडायचा यावरून दोन्ही विंगांच्या बायका हिंदीत भांडायच्या आणि गुरव मधे उभे राहून दोघींनाही ‘हो भाभीजी’ म्हणत शेवटी आपल्याला हवं तेच करायचे.

मी सांगतोय ते वर्ष लोकल गाड्यांमधल्या स्फोटांनंतरचं. आमच्या स्टेशनांची नावं टीव्हीवर घेऊन सरली होती, पण लोकांच्या छातीतली धडधड सरली नव्हती. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एकच शब्द होता: सिक्युरिटी. सिक्युरिटी वाढवा, सिक्युरिटी टाइट करा, सिक्युरिटी झोपतो. मग गुरवांना निळा शर्ट शिवला आणि पाठीवर इंग्रजीत तोच शब्द छापून घेतला. त्या दिवसापासून त्यांचं नाव गेलं. पोरंसोरं, भाजीवाला, सेक्रेटरी शहा, सगळे हाक मारायचे, ‘ओ सिक्युरिटी.’ एकदा टँकरची चौकशी करताना माझ्याही तोंडून तशीच हाक गेली. त्यांनी वर पाहिलं आणि नेहमीसारखं म्हणाले, येतोय साहेब. मला तेव्हा काही वाटलं नाही. आता त्यांची ती नजर आठवते, पण तिच्यात काही होतं की मीच नंतर घातलं, हे आता सांगता येत नाही.

माझ्या बायकोला, कुंदाला, त्याच्या आदल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं अगदी सगळं गेलं नाही. काही शब्द मागे राहिले, जसे घर सोडून गेलेल्यांचे दोन-चार कपडे दोरीवर राहतात. ‘पाणी’ राहिला. ‘बरं’ राहिला. आणि ‘जाऊ दे’ राहिले. हे दोन शब्द तिचे पहिल्यापासूनचे. मी ऑफिसातून चिडून आलो, की जाऊ दे. दूधवाल्यानं कमी दूध घातलं, की जाऊ दे. डॉक्टर म्हणाले, सवयीचे शब्द असे राहतात, त्यांच्यामागे दर वेळी अर्थ असेलच असं नाही.

मुलगा बेंगळुरूला. बाई ठेवल्या, त्या टिकल्या नाहीत. खरं तर कुंदानंच टिकू दिल्या नाहीत. मग एक दिवस गुरव म्हणाले, आमची पोरगी कॉलेजातून दुपारी येते, बसेल तासभर काकूंजवळ. ती तासभर म्हणून आली आणि रोज संध्याकाळपर्यंत बसू लागली. वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अग्रलेखासकट. मधे थांबून कुंदाला विचारायची, काय वाटतं काकू, खरं बोलतोय का हा? कुंदा डावा हात हलवायची आणि रूपालीला ते कळायचं. मला कळायचं नाही. बत्तीस वर्षांचा संसार, आणि बायकोचं म्हणणं मला त्या पोरीनं मराठीतून मराठीत सांगावं लागायचं. ‘काका, काकू म्हणतायत भाजीत मीठ नाही. एवढी मिठागरं समोर असून.’ कुंदा डाव्या ओठानं हसायची. झटक्यानंतर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली ती त्या दुपारी.

रूपाली राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या वाचनालयात तिनं एक सूचना वाचली. दिल्लीतली एक संस्था विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तीन महिने बोलावत होती, आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयावर संशोधन करायला. राहायची सोय, जेवण, जाण्यायेण्याचं भाडं, वर दरमहा विद्यावेतन. ज्यांचं काम चांगलं होईल त्यांना पुढे परदेशात शिकायला पाठवण्याचीही तजवीज होती. त्यासाठी आधी आपला विषय मांडून पाठवायचा होता, इंग्रजीत. तिचं शिक्षण मराठीतलं. ती माझ्याकडे आली.

तो पूर्ण फेब्रुवारी आम्ही दोघं त्या मांडणीवर बसलो होतो. माझ्या निवृत्तीनंतरचे तेवढेच दिवस मला कामाचे वाटले. तिचा विषय होता समुद्रातल्या सरहद्दीचा. मासेमारी करता करता पलीकडच्या पाण्यात गेलेले खलाशी धरले जातात, वर्षानुवर्षं तिकडच्या तुरुंगात राहतात. तिचा प्रश्न साधा होता: देशाची सुरक्षा म्हणतात तेव्हा त्यात हा खलाशी येतो का, की तो नुसता सुरक्षेच्या आड आलेला माणूस असतो? मी तिला म्हटलं, आधी शब्द नीट करू. संरक्षण आणि सुरक्षा एक नव्हेत. संरक्षण भिंत करते. सुरक्षा ही भिंतीच्या आतल्या माणसाला वाटावी लागते. तिनं ते वाक्य तसंच उचललं आणि मी ते इंग्रजीत केलं. चांगलं उतरलं होतं.

एका रविवारी आम्ही बसनं उत्तनला गेलो. तिला कुणाशी तरी बोलायचं होतं. किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीच वास आला. काठ्यांच्या मांडवांवर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून टांगलेले, ओळीच्या ओळी. खाली सावलीत एक बाई सुकट निवडत बसली होती. तिचा भाऊ गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेलेला आणि तिकडे धरला गेलेला. तिनं आधी माझ्याकडे बोट दाखवून रूपालीला विचारलं, ह्यो तुजा बापूस काय गो? रूपाली म्हणाली, काका हाय. बाई म्हणाली, मंग बरा हाय, बापूस असता तं घरी बसवला असता. दोघी हसल्या. नंतर भावाबद्दल बोलताना मात्र तिचे हात सुकटीतून हलले नाहीत. ती म्हणाली, दरियावर रेघ न्हाय, पन रेघ वलांडली म्हून धरला. रूपालीनं ते उतरवून घेतलं नाही. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, लिहिलं का नाहीस? ती म्हणाली, तिच्यासमोर लिहायला लाज वाटली, पण विसरणार नाही. खिडकीतून वारा येत होता, ओढणीला बोंबलाचा वास लागला होता, आणि ती दिल्लीला थंडी किती असते ते मला विचारत होती. मी म्हटलं, उन्हाळ्यात कसली थंडी? तिनं कपाळाला हात लावला.

ही मुलगी वीस वर्षांची होती आणि तिला एक गोष्ट हवी होती. माणसाला आयुष्यात इतकी नेमकी गोष्ट हवी असण्याचे दिवस फार थोडे असतात. मी ते जवळून पाहत होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

परीक्षा झाली आणि मिठाच्या राशी वाढू लागल्या तेव्हा दिल्लीचा फोन आला. माझ्या घरचा नंबर दिलेला होता. गुरवांच्या खोलीत फोन नव्हता. मीच घेतला. तिची निवड झाली होती. होस्टेलसाठी पालकांची संमती तेवढी कळवायची होती. रूपाली कुंदाजवळच बसली होती. मी सांगितलं तेव्हा ती उठली, खिडकीपाशी गेली, पुन्हा येऊन बसली, पुन्हा उठली. कुंदा चांगल्या हातानं पलंगाची कड थोपटू लागली. टाळ्या वाजवायला दुसरा हात नव्हता, म्हणून.

रूपाली घरी गेल्यावर मी पडदा ओढला आणि खोलीकडे पाहिलं. उद्यापासून नाही, पण पंधरवड्यानं या खोलीत कोण बसणार, हे मनात आलं. काय वाटतं काकू, असं कोण विचारणार? कुंदा हात हलवील आणि मी समोर ठोंब्यासारखा उभा राहीन. तिच्या डोळ्यांत दिसेल की मला कळलेलं नाही, आणि मला दिसेल की तिला ते दिसलं आहे. तीन महिने. आणि ती हुशार होती, तीन महिन्यांनी परत आली नसती. मला त्या मुलीचा हेवा नव्हता, राग नव्हता. माझ्या दुपारी मला सांभाळायच्या होत्या. इतक्या लहान गोष्टीसाठी माणूस काय करू शकतो, हे मी कधी कुठल्या भाषेत वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरव वर आले. रूपाली कॉलेजात गेली होती, सरांना सांगायला. गुरव कधी घरात बसत नसत. त्या दिवशी स्टुलाच्या कडेवर बसले. टोपी गुडघ्यावर. पाणी दिलं ते हातात धरून राहिले. पोरीनं घरी सांगितलं होतं, पण काय सांगितलं ते त्यांना नीट उमगलं नव्हतं. दोनदा विचारलं तर ती म्हणाली होती, बाबा, तुम्हाला नाही कळणार, काकांना विचारा. ते हे रागानं सांगत नव्हते. कळणार नाही हे त्यांना मान्यच होतं. फक्त विचारायला आले होते.

त्यांचा हिशेब मी आजही चुकीचा म्हणू शकत नाही. त्या वर्षी मीरा रोडच्या मॉलमध्ये बायकांच्या पर्सा तपासायला मुली उभ्या केल्या होत्या, निळ्या शर्टातल्या. एजन्सीचे लोक नवघरच्या चाळींतून फिरत होते, लेडीज सिक्युरिटी पाहिजे म्हणून. बोलायचे तेही असंच: बाहेरगावी ट्रेनिंग, राहणं-जेवण फुकट, महिन्याला पगार. आता इथे दिल्ली, राहणं-जेवण फुकट, महिन्याला पैसे, आणि नाव सिक्युरिटी. दुसरं काय समजणार? अभ्यासाचे पैसे आपण भरायचे असतात, हे गुरवांना पंधरा वर्षं फिया भरून ठाऊक होतं. अभ्यास करणाऱ्यालाच कुणी राहायला, खायला देऊन वर पैसे देतं, ही गोष्ट त्यांच्या जगात नव्हती. पैसे देतात म्हणजे उभं करतात.

त्यांनी विचारलं, ‘साहेब, ह्ये सिक्युरिटीचंच काम ना?’

ते पुढे म्हणाले, ‘अभ्यासाचं असंल तर मी स्वतः दिल्लीला सोडून येईन तिला. रजा नाय दिली तर नोकरी सोडून जाईन. पण शिट्टी नि दांडा घेऊन उभी राहायची असंल तर नको. मी उभा राह्यलो तेवढं पुरे झालं आमच्या घरात.’

इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. गुरव, हे अभ्यासाचं आहे, पुस्तकांचं, हिला तिथे खुर्ची मिळेल. मराठीत सोपं वाक्य आहे. मी म्हणालो, ‘नाव तर सिक्युरिटीच आहे.’

त्यांनी विचारलं, उभं राहावं लागंल? मी म्हणालो, दिल्लीत काय काय करावं लागतं ते मी इथून कसं सांगू, गुरव.

दोन्ही वाक्यांत खोटा शब्द एकही नाही. कुठल्याही कचेरीत पास झाली असती. गुरवांनी पाणी पिऊन टाकलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘झालं मग. बरं झालं तुम्हाला विचारलं.’ जाताना त्यांनी कुंदाला नमस्कार केला.

दार लागल्यावर मी आत आलो तेव्हा कुंदा माझ्याकडे पाहत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दोन खोल्यांच्या घरात न ऐकायला जागा कुठे? मी उशी सारखी करायला वाकलो तशी तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. जोर लावून ओठ हलवले आणि म्हणाली, ‘जाऊ दे.’ मी म्हटलं, हो, जाऊ दे, नको विचार करूस. तिनं मनगट सोडलं नाही. दाराकडे पाहिलं आणि पुन्हा तेच दोन शब्द. या खेपेला त्यांच्या आधी काहीतरी होतं. ‘ति’ होतं की नुसता श्वास होता? मराठीत हे दोन शब्द विषय सोडून द्यायलाही सांगतात आणि माणसाला सोडायलाही सांगतात. आधी ‘तिला’ असेल तर अर्थ एकच उरतो. मी आयुष्यभर अशा एकेका अक्षरासाठी फायली अडवून धरल्या होत्या. त्या दुपारी मी ते अक्षर गाळलं. सवयीचे शब्द, डॉक्टर म्हणालेच होते. मी मनगट सोडवून घेतलं आणि चहा टाकला.

त्यानंतर कुंदा वर्षभर होती. ‘पाणी’ म्हणायची. ‘बरं’ म्हणायची. ‘जाऊ दे’ पुन्हा कधीच म्हणाली नाही.

रूपाली दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. वर्तमानपत्र उघडलं, पहिल्या पानापासून वाचलं. मधे थांबली नाही, काही विचारलं नाही. वाचून झाल्यावर घडी घालत म्हणाली, ‘बाबा नाही म्हणाले. मुलगी आहे ना मी.’ मला वाटलं होतं ती रडेल. रडली असती तर कदाचित मी बोललो असतो. निदान तसं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, तुम्ही समजावलं होतं ना त्यांना? मी मान हलवली. हो अशीही नव्हती ती, आणि नाही अशीही. तिनं ती हो अशी घेतली.

मग दिल्लीला कळवायचं होतं. तिला इंग्रजीत बोलायला जड जाईल म्हणून तिनं मलाच फोन करायला सांगितलं. ती शेजारी उभी राहिली आणि मराठीत एकेक वाक्य सांगत गेली, मी ते इंग्रजीत पलीकडे देत गेलो. घरची अडचण आहे. आभारी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल का? पलीकडच्या बाई म्हणाल्या, ही सोय शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुरतीच आहे. मी ते तिला मराठीत सांगितलं. अगदी चोख.

त्या घरात तो विषय पुन्हा निघाला नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. तिनं वडिलांना विचारलं नाही, कारण तिला उत्तर माहीत आहे असं तिला वाटत होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटत होतं, आपल्यालाच आपलं काम लाजेचं वाटतं हे पोरीसमोर बोलून दाखवल्यासारखं होईल. ते एका खोलीत राहत होते आणि दोघांच्या मधे मी होतो, माझं एक वाक्य होतं. गुरवांनी रात्रपाळीचं दुसरं गेट धरलं आणि तिला बी.एड.ला घातलं. तिनं ते केलं. बापाशी बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘येते’ एवढंच उरलं. एकदा पायऱ्यांवर गुरव मला म्हणाले होते, पोरगी फार गप झाली साहेब, अभ्यास वाढला असंल. मी म्हटलं, असेल.

कुंदा गेल्यावर रूपालीचं येणं थांबलं. ज्या दुपारी मी वाचवल्या होत्या त्या अशा एक वर्ष पुरल्या. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षातही त्या नव्हत्याच. वाचणारी नुसती वाचत होती, ऐकणारी भिंतीकडे पाहत होती. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होतो आणि स्वतःला सांगत होतो की सगळं पूर्वीसारखं आहे.

रूपालीचं लग्न झालं, ती भाईंदर पश्चिमेला मोरव्यात गेली. रेल्वेच्या पलीकडे, रिक्षानं जाता येईल एवढ्या अंतरावर. खाजगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते असं ऐकलं. तिचं आयुष्य वाईट झालं असं मी म्हणत नाही. कोण मी म्हणणारा? पण उत्तनच्या त्या बाईचं वाक्य कुठल्या कागदावर उतरलं नाही. तो भाऊ सुटला का, तेही मला माहीत नाही. गुरव दोन वर्षांपूर्वी वारले. मी अंत्यविधीला गेलो होतो. ती एका बाजूला कोरड्या डोळ्यांनी उभी होती आणि बायका आपसांत म्हणत होत्या, बापाशी तिचं पहिल्यापासून जमायचं नाही. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी चप्पल शोधत राहिलो.

या एप्रिलमध्ये, पडदा ओढायला उठलो आणि ओढलाच नाही. तसाच खाली उतरून रिक्षा केली.

मोरव्यातलं घर जुन्या वळणाचं, पुढे ओटी, बाजूला दुमजली नवं बांधकाम. रूपालीचे केस कानांजवळ पांढरे झालेत. तिनं मला ओळखलं, काका म्हणून आत घेतलं, कोकम सरबत दिलं. आतून सासूबाईंनी कोण आहे विचारलं तर म्हणाली, माहेरचे आहेत. हे ऐकल्यावर मला उठून जावंसं वाटलं होतं. तरी बसलो आणि सांगितलं. जसं इथे सांगितलं तसंच, स्टुलापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत.

माझं संपल्यावर ती म्हणाली, ‘बाबा काय म्हणाले होते ते परत सांगा. तुमच्या भाषेत नको. त्यांच्या.’

मी सांगितलं. अभ्यासाचं असंल तर मी स्वतः दिल्लीला सोडून येईन तिला. रजा नाय दिली तर नोकरी सोडून जाईन.

‘परत.’

मी परत सांगितलं. ती जमिनीकडे पाहत होती. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, पाठ करणाऱ्या मुलासारखे. मग ती म्हणाली, ‘मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हाला नाही कळणार. विचारून बघायलाही पाठवलं ते तुमच्याकडे.’ क्षमा मागायची म्हणून वाटेत वाक्य जुळवलं होतं, ते चांगलं झालं होतं म्हणूनच मला बोलवेना.

आत कुकरची शिट्टी झाली. ती उठली, गॅस बंद करून आली, आणि बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली. ‘दवाखान्यात शेवटचे तीन-चार दिवस ते एकच बोलत होते,’ ती म्हणाली. ‘तुला उभी नाय केली ना मी कुठं. नाय ना केली? सारखं तेच. मला वाटलं, तापात बोलतायत. मी म्हटलं, बाबा, डोकं नका खाऊ, झोपा आता.’

मग तिनं माझा पेला उचलला, तो अर्धा भरलेला होता, आणि म्हणाली, आता तुम्ही या.

मी खोटं दुरुस्त करायला गेलो होतो. इतकी वर्षं तिच्याजवळ बापाचा राग होता. राग असला की माणसाला टेकायला काहीतरी असतं. मी तोही काढून घेऊन आलो.